बियांवर संस्कार

३ जून
गेल्या वर्षी घेवडा करपला. पानांवर तपकिरी ठिपके, भोवती पिवळी कडा. बी-बियाण्यांचा दुकानदार म्हणाला, हा जिवाणू बियाण्यातूनच येतो. म्हणजे चूक माझी नव्हती. यंदा पेरण्याआधी बियांवर औषधाचा संस्कार करणार. हे सासऱ्यांनी राखलेलं वाण, बाजारात मिळत नाही. ते गेले, आता ही शेवटची बरणी. आमच्या हिचा जीव त्या बरणीत.

४ जून
औषध आणलं. दुकानदार म्हणाला, अर्धा तास बुडवा, सावलीत सुकवा. आधी मूठभर बियांवर करून बघा. मूठभराचा सल्ला नवख्यांसाठी असावा.

५ जून, सकाळी
हातमोजे, मास्क, जय्यत तयारी. ही म्हणाली, थोडं बी तसंच राहू द्या. समजावलं, की एक बी रोगट राहिलं तर सगळा वाफा जाईल. बरणी स्वतःच आणून दिली. पटलं असावं.

दुपारी
अर्धा तास झाला. पण जिवाणू बियांच्या आत आणि औषध बाहेर, हे दुकानदाराच्या लक्षात आलेलं दिसत नाही. संध्याकाळपर्यंत राहू दे. हिला म्हटलं, संस्कार जास्त झाले म्हणून कोणी बिघडत नाही. म्हणाली, मुलाला फोन करून विचारा. तो दोन वर्षं घरी आलेला नाही. कामात असतो.

संध्याकाळी
स्वयंपाकघरातल्या चाळणीत बी निथळलं. ही म्हणाली, चाळणी आता तुमचीच, जन्मभर. बी टपोरं दिसतंय. औषध मानवलं.

७ जून
पेरलं.

१६ जून
अजून कोंब नाही. माती थंड असावी.

२० जून
एक दाणा उकरून पाहिला. लगदा. शेजाऱ्यांनी कुंपणावरून विचारलं, पेरलंय की पुरलंय? लक्ष दिलं नाही. शास्त्रीयदृष्ट्या पाहिलं तर वाफ्यात रोगाचा एकही ठिपका नाही.
हिला उद्या सांगू.

२१ जून
उद्या सांगू.

९ जुलै
न्हाणीघरामागे फुटक्या बादलीतून वेल चढलाय. घेवडा. हिला विचारलं. म्हणाली, तुम्ही हातमोजे चढवत होतात तेव्हा मूठभर काढून घेतलं. वाफ्याचं तिला कधीच कळलं होतं. म्हणजे हा बिनसंस्कारी. तरतरीत आहे.
वाकून पाहिलं. खालच्या एका पानावर तपकिरी ठिपका, पिवळी कडा. हिला दिसायच्या आत पान खुडून खिशात घातलं.
संध्याकाळी मुलाला फोन केला. कसा आहेस, विचारलं. सल्ला एकही दिला नाही.
तो घाबरून म्हणाला, बाबा, आईला फोन द्या.