कंत्राटदाराच्या रोलसाठी माणूस हवा

३ फेब्रुवारी
आजपासून लग्नाचे व्हिडिओ बंद. कण्णूरचे नवरदेव मला माफ करोत. मी आता डायरेक्टर. वाचनालयाच्या बोर्डावर ऑडिशनची नोटीस लावली.

स्टोरी माझीच. चिऱ्याच्या खाणीत सुरुंग लावतात, दगड उडतो, चहावाल्याची पोर जाते. मग गाव मिळून त्या उपऱ्या कंत्राटदाराला संपवतं. आमच्या गावात पोर खरंच गेली होती. पण कंत्राटदार दिवाकरन गल्फला पळाला, असं लिहून पोलिसांनी फाईल बंद केली. पळून जाण्यात कसला डोंबलाचा ड्रामा? खून माझ्या डोक्यातला. बायकोला, प्रसीताला, ऐकवलं तर तारलीचं कालवण गॅसवर तसंच सोडून आत गेली. करपलं. कलाकाराच्या घरी हे चालायचंच.

५ फेब्रुवारी
सासुरवाडीत राहतो म्हणून गावात मला काडीची किंमत नाही. इतकी वर्षं झाली तरी ‘प्रसीताचा नवरा’, पवित्रन म्हणून कोणी हाक मारत नाही. पिक्चर येऊ दे, मग बघतो एकेकाला.

संध्याकाळी कुंजीरामन मामा आले. बायकोचे थोरले मामा, वाचनालयाचे अध्यक्ष, गावात त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा. ही गोष्ट तुला कोणी सांगितली, म्हणाले. मी म्हणालो, कोणी नाही मामा, प्रतिभा. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा प्रतिभा म्हणालो. ऑडिशनला मी पण बसतो, म्हणाले. बघा, इंटरेस्ट घ्यायला लागले!

८ फेब्रुवारी
ऑडिशन. हॉल खच्चून भरलेला, पण चिडीचूप. एवढा दरारा माझा!

प्रत्येकाला एक गोणपाट दिलं. म्हटलं, कंत्राटदाराला कसं संपवाल, करून दाखवा. रेशनवाला भास्करन आला, नसलेल्या माणसाचे पाय घट्ट धरले, थोडा वेळ धरून ठेवले, सोडले आणि जाऊन बसला. म्हटलं, पुढे? तर म्हणे, माझं एवढंच. पोस्टमनने पोत्याचं तोंड बांधलं. त्याचंही एवढंच. रोहिणी टीचर छत्री उघडून नुसत्या रस्त्यावर नजर ठेवत उभ्या राहिल्या. कामचुकार लेकाचे, पूर्ण सीन एकालाही येईना. चहावाला चंदू तर पोतं छातीशी धरून रडतच बसला. ओव्हरॅक्टिंग.

घरी येऊन ऑडिशनच्या शूटिंगचे तुकडे लॅपटॉपवर जोडून पाहिले. अहो, बिनचूक जुळले! पाय सुटतात तिथेच गाठ सुरू होते. मी काही सांगितलेलं नसताना! अंगावर काटा आला. डायरेक्शन, दुसरं काय.

११ फेब्रुवारी
दिवाकरनच्या मुलीचा, स्मिजाचा फोन. मंगळूरला नर्स आहे. नोटीस कोणीतरी तिच्या व्हॉट्सॲपवर टाकली. म्हणाली, सर, मला कोणाला शिक्षा नको. बाबा कुठे आहेत तेवढं कळू दे, म्हणजे आम्हाला त्यांचं क्रियाकर्म करता येईल. म्हटलं, पोरी, पिक्चर बघ, सगळं कळेल.

प्रसीता दारात उभी होती. रात्री जेवली नाही. नर्सचं नाव ऐकून संशय आला असणार.

१२ फेब्रुवारी
सगळे रोल भरले. कंत्राटदार व्हायला मात्र कोणी तयार नाही. मामा म्हणाले, तूच हो की. अख्ख्या हॉलने हात वर केले! या गावात माझ्या बाजूने पहिल्यांदाच एकमत. डोळे भरून आले. चंदूने चहाचे पैसे घेतले नाहीत. माझ्याकडे बघत मात्र कोणीच नव्हतं.

उद्या खाणीवर रिहर्सल. कॅमेरा नको, आधी हात बसू दे, असं मामांचं म्हणणं. प्रसीता हात धरून म्हणते, अहो, जाऊ नका. नवऱ्याचं चांगलं चाललेलं बघवत नाही.

१३ फेब्रुवारी
परत आलो.

भर दुपारी पोत्यात घातलं. भास्करनने पाय धरले. पोस्टमनने गाठ मारली. कोणी हसेना, बोलेना. खालून खाणीतल्या साचलेल्या पाण्याचा वास येत होता. मला उचललं तेव्हा कळलं. सगळं कळलं. भीती वाटली, आयुष्यात कधी वाटली नव्हती एवढी. बाहेरून मामांनी विचारलं, चहा घेतोस का विचारावं तसं: काय रे पवित्रन, पिक्चर संपला ना? संपला, म्हणालो. ऐकू येत नाही, म्हणाले. ओरडून सांगितलं. नेसलेला मुंडू ओला झाला होता.

गाठ सोडली. चंदूने पाणी पाजलं. मामांनी खांद्यावर हात ठेवला. आता तू आमच्यातला, म्हणाले.

१६ फेब्रुवारी
तांत्रिक कारणांमुळे प्रोजेक्ट थांबवला. निर्णय सर्वस्वी माझा. आता बालचित्रपट, एका शेळीवर. सोमवारपासून शेळ्यांच्या ऑडिशन.

सकाळपासून स्मिजाचे फोन. मामा समोर पेपर वाचत बसलेले. उचल की, म्हणाले. उचलला. म्हटलं, पोरी, ते सगळं माझ्या डोक्यातलं गं. तुझे बाबा असतील तिकडे गल्फमध्ये, येतील. ती म्हणाली, आई अजून रोज त्यांचं पान वाढते, तिला काय सांगू? वाढत राहा म्हणावं, असं मी सांगितलं. थँक्यू सर, म्हणाली.

मामांनी पेपरची घडी घातली. अभिनय चांगला करतोस की रे, म्हणाले.