कठड्यावरचे हात

वारजे, रविवार संध्याकाळ

हाताला अजून कठड्याच्या गंजाचा वास येतोय. अर्धी वडी साबण उगाच झिजवला.

घाटातल्या दरीत कड्याला चिकटून पायवाट केली आहे, एका माणसापुरती. महेश म्हणाला, "आई, ही चाललीस तर तुला केदारनाथला नेतो." लग्न झाल्यापासूनची माझी इच्छा. मध्यावर खाली पाहिलं आणि पायच उचलेना. परत फिरावं तर मागे माणसांची रांग. तिथेच कपारीत शेंदूर लावलेला देव. सगळे हात जोडून पुढे जात होते, माझे मात्र कठड्यावरून सुटेनात. देवासाठीसुद्धा नाही!

मागून हे म्हणाले, "देव काही पळून जात नाही. तू चल, लोक खोळंबलेत."

चालले. पोचले. घरी येताच महेशने तिघांची तिकिटं काढली, पेढे आणले. निरांजन लावताना हाताला तोच गंजाचा वास.

आता नको कसं म्हणू? देवाच्या दारी जायला नको म्हणायचं? दोघांना वाटतं, मी धीराची. मागे वळायला जागा नव्हती म्हणून पुढे गेले, हे त्या कपारीतल्या देवालाच ठाऊक.

आणि आता तरी कुठे आहे जागा?