फणसाखालचं घर

३ एप्रिल
सकाळीच कुंपणापलीकडून हसीनाभाभी. "भाऊ, माजा घर गेला कुठं?"
ग्रा.पं.त ड्रोनने काढलेला वाडीचा नकाशा लागलाय. आमचं घर आहे, विहीर आहे, गोठासुद्धा आहे. शेजारी भाभींच्या जागी नुसता फणस. कौलांवर असा पसरलाय की खाली माणूस राहतं हे वरून कळायचं नाही.
"पेपरात तुमीच लिवलंत ना, वरसून सगला दिसता म्हणून?"
लिहिलं होतं. चहा पाजला.

५ एप्रिल
नकाशात घर नाही तर मिळकत पत्रिका नाही. पत्रिका नाही तर सरकारी घरकुल नाही. भाभींच्या स्वयंपाकघराची भिंत गेल्या पावसात खचलीय. मुलगा इम्रान जयगडला बंदरावर, बायको-पोरीसकट भाड्याच्या खोलीत. पक्कं घर झालं तर इथूनच जाऊन-येऊन करीन म्हणतो. नातीचा कोपरा भाभींनी आत्ताच ठरवून ठेवलाय.

८ एप्रिल
मोजणीच्या मॅडम येऊन गेल्या. साताऱ्याकडच्या, तरुण. गुरुवारी ड्रोन पुन्हा उडवतील, तोवर फांद्या तोडा म्हणाल्या.
भाभी: "आता? अंगभर फणस लागलेत. भरल्या पोटाच्या बाईवर कोयता चालवू?"
 जाताना मॅडमच्या पिशवीत भाजीची कुयरी, कोवळा फणस.

९ एप्रिल
शुभाची युक्ती: तोडायच्या कशाला, दोर बांधून बाजूला ओढून धरू. माझी बायको म्हणून म्हणत नाही, पण डोकं चालतं तिचं.

१० एप्रिल, गुरुवार
अख्खी वाडी दोराला. पुढच्या फांद्या बऱ्यापैकी हलल्या. मागची, स्वयंपाकघरावरची, हूं की चूं नाही. ड्रोन घोंघावत आला तशा भाभी अंगणात मधोमध. नवी ओढणी. वर बघून हात हलवत.
"भाभी, फोटो तुमचा नाही, घराचा."
"घर कोनाचा हाय ता नको कलायला?"
मॅडम हसून हसून बेजार. माझे तळहात सोलवटले. आजचा लेख उद्यावर. संपादकांना काय सांगणार, फणस धरून उभा होतो?

२२ एप्रिल
सुधारित नकाशा लागला. पुढची पडवी, माजघर आलं! स्वयंपाकघर अजून झाडच.
भाभींनी नकाशातल्या त्या झाडावर बोट ठेवलं. मग, "अर्ध्या घराला अर्धा घरकुल देतील काय हो?"
मॅडमना फोन केला. सोमवारी शेवटचं उड्डाण. मागची फांदी काढाच, म्हणाल्या.

२६ एप्रिल
सगळ्यात जास्त फणस त्याच फांदीला. मे महिन्यात नात गरे खायला येणार. आणि फांदी गेली नाही तर नात नुसती गरे खायलाच येत राहणार. हे मी बोललो नाही. भाभींना ठाऊक आहे.
परवा सोमवार. सकाळी भाभींनी आमचा कोयता मागून नेला. दिवसभर कान तिकडे. तोडल्याचा काही आवाज नाही.
दिवेलागणीला कुंपणावरून कुयरीच्या भाजीचा वाडगा आला. कोयता नाही आला.