मास्तरांचा कप डावीकडेच का

दि. ३ जून

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तुझ्या कुंभारीण माशीनं खिडकीच्या चौकटीत तिसरं मडकं बांधलं हे वाचून बरं वाटलं. घराण्यात कुणाचं तरी काम वेळेवर होतंय. तू प्राणिशास्त्राचा प्राध्यापक म्हणून एकतीस वर्षं एकाच जातीच्या माशीकडे टक लावून बसलास आणि लोक तुला शास्त्रज्ञ म्हणाले. मी समाजशास्त्रासाठी चार महिने कोट-पँट शिवणाऱ्या दुकानात स्टुलावर बसून माणसांकडे बघते आहे, तर आई जगाला सांगत सुटली आहे की पोरगी हातची गेली.

गाईडसरही आईच्याच पक्षात. माझी चारशे बारा पानांची टिपणं त्यांनी हातावर तोलून पाहिली, उघडली मात्र नाहीत. नुसतं बघणं म्हणजे संशोधन नव्हे, ते तर शेजारीपाजारीही करतात, असं म्हणाले. तीस जूनपर्यंत एक प्रकरण आणि त्यात एक ठाम निष्कर्ष दिला नाही तर माझी नोंदणी रद्द. चार वर्षांवर पाणी.

पण घाबरू नकोस, निष्कर्ष सापडला आहे. दुकानात मालक नावालाच, खरा राजा म्हणजे कापड कापणारे मास्तर. पुरावा ऐक. चारचा चहा आला की काजं करणाऱ्या बाई पहिला कप मास्तरांच्या टेबलावर डाव्या कोपऱ्यात ठेवतात आणि बोटातल्या अंगठीनं दोनदा टकटक करतात. मालकांसाठी टकटक नाही. इस्त्रीवाला मास्तरांना कापड देण्याआधी त्यावर धारदार घडी पाडतो. मशीनवरचा लंबू प्रत्येक ताग्याचा रंग मोठ्यानं पुकारतो. मालक स्वतः उठून येऊन मापाची चिठ्ठी वाचून दाखवतात, मास्तर चिठ्ठीला बोट लावत नाहीत. चष्मा कायम कपाळावर. आणि ते कुणाकडेही सरळ बघत नाहीत, मान वळवून कडेनं, तुच्छतेनं बघतात. प्रकरणाचं नाव ठेवलंय ‘दुकानातली सत्तेची उतरंड’. चार पानांची नक्कल सोबत जोडली आहे. वाच आणि मला शाबासकी दे.

मामीला नमस्कार. तुझी माया अशीच राहो, उपदेश थोडा कमी झाला तरी चालेल.

तुझी,
ठकी

दि. ९ जून

चि. ठकीस,
अ. उ. आ.

तुझा राजदरबार वाचला. शाबासकी बाजूला ठेव, आधी कान इकडे कर. तुच्छता तुला कुठून दिसली? मान वळलेली दिसते, तुच्छता दिसत नाही. ती तू घरून नेलेली आहेस. जे दिसलं ते डाव्या पानावर लिही, जे वाटलं ते उजव्या पानावर, आणि उजवं पान सहा महिने कुणाला दाखवू नकोस. तुझ्या गाईडसरांना तर मुळीच नको, त्यांना ते फार आवडेल.

मीही मोठा शहाणा नव्हतो. ही माशी उत्तरेचीच खिडकी निवडते असं मी तीन वर्षं लिहीत होतो. त्यावर निबंध छापून आला, टाळ्या पडल्या. मग तुझ्या मामीनं एकदा विचारलं की बाकीच्या खिडक्या तुम्ही उघडता तरी कधी. तेव्हापासून मी तिला काही छापण्याआधी विचारतो. आताही तुझी पानं तिला मोठ्यानं वाचून दाखवली, तर ती मोजे रफू करता करता थांबली आणि माझ्याकडून कागद ओढून घेतला. पुढचं तीच लिहील.

लोभ आहे, तो रागावतानाही असतो.

मामा

चि. ठके,
आशीर्वाद.

तुझा मास्तर राजाबिजा काही नाही. त्याला दिसत नाही.

मी चौतीस वर्षं वॉर्ड सांभाळला. डोळ्याचा पडदा मधोमध झिजला की समोरचं माणूस धुरकट होतं आणि कडेचं तेवढं दिसत राहतं. असे पेशंट माझ्याशी बोलायचे तेव्हा ते माझ्या कानाकडे बघतायत असं वाटायचं. या आजाराला चष्मा उपयोगी पडत नाही, म्हणून तो कपाळावर. घडी कशाला, तर बोटाला रेघ सापडावी म्हणून. रंग पुकारायचा कशाला, तर काळं आणि निळं त्याला सारखंच म्हणून. कप एकाच जागी कशाला, हे आता तूच सांग. सत्तेची उतरंड म्हणे! प्रत्येक पलंगाला तक्ता असायचा आमच्याकडे. तुझा हा तक्ता उत्तम भरलेला आहे, फक्त तू रोग भलताच काढलास.

जेवत जा वेळेवर.

मामी

दि. १४ जून

ती. मामीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दुकानात गेले आणि दारातच थांबून बघत राहिले. सगळं तसंच होतं, पण मला पहिल्यांदाच दिसत होतं. मास्तर खांद्याचा गोल कापताना अंगठ्याचं नख घडीवरून पुढे सरकवतात आणि कात्री त्या नखामागून येते. गिऱ्हाईक बोलल्याशिवाय ते कुणाला या म्हणत नाहीत. हे मी सतरा वेळा लिहिलंय आणि पुढे कंसात ‘गर्विष्ठ’. माझी मलाच लाज वाटली.

मग माझ्यानं राहवलं नाही. काजंवाल्या बाईंना जिन्याखाली गाठलं आणि विचारलं. त्यांनी आधी वर कुणी नाही ना ते बघून घेतलं. दोन वर्षं झाली म्हणाल्या. त्या, इस्त्रीवाला आणि लंबू असं तिघांनाच माहीत आहे. मास्तरांनी आपण होऊन कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून यांनीही विचारलेलं नाही. मालकांना कळलं तर मास्तर घरी बसतील आणि घरी बसले तर संपतील, असं म्हणून त्यांनी माझा हात धरला.

आणि इथेच माझी मान अडकली आहे. दुकानात बसायची परवानगी देताना मालकांची एकच अट होती, लिहिलेलं आधी त्यांना दाखवायचं. हे प्रकरण लिहिलं तर मास्तरांचं काम जातं. नाही लिहिलं तर तीस तारखेला मी जाते. खोटं लिहायचं तर उतरंड तयारच आहे आणि गाईडसरांना ती आवडेलही. मामी, काय करू? मामाला विचारू नकोस, तो म्हणेल दिसलं ते लिही.

तुझ्या पाठीवरच्या हाताची वाट पाहणारी,
ठकी

दि. १८ जून

चि. ठकीस,
अ. उ. आ.

मला विचारू नको असं लिहिलेलं पत्र तुझ्या मामीनं मलाच वाचायला दिलं. तर ऐक, दिसलं ते लिही. पण आधी नीट बघ. मालक चिठ्ठी मोठ्यानं वाचतात असं तुझ्या चार पानांत पाच वेळा आहे. ते लंबूलाही चिठ्ठी वाचून दाखवतात का? इस्त्रीवाल्याला? एकाच खिडकीकडे बघून मी तोंडावर आपटलो होतो, तू आपटू नकोस. दोन दिवस फक्त मालकांकडे बघ.

मामी म्हणते तेही लिहितो, कारण तिचे हात पिठात आहेत. तक्ता पेशंटच्या पायथ्याशी लावतात, चौकात नाही. आणि पहिला हक्क ज्याचा आजार त्याचा. मालक, गाईड आणि तुझी पदवी हे सगळे रांगेत मागे. मास्तरांना आधी विचार.

या म्हाताऱ्या दोघांचा तुझ्यावर जीव आहे हे ध्यानात असू दे.

मामा

दि. २४ जून

ती. मामा-मामींस,
सा. न. वि. वि.

मामा, तुझ्या तोंडात साखर पडो. लंबूची चिठ्ठी मालक लांबूनच त्याच्या मशीनवर भिरकावतात. इस्त्रीवाल्याला तर चिठ्ठीच नाही, हाक आहे. वाचून दाखवतात ते एका मास्तरांनाच. म्हणजे मालकांनाही ठाऊक आहे! तिघं मालकांपासून लपवतात आणि मालक तिघांपासून. एवढ्याशा दुकानात एवढी लपवालपवी, आणि मी उतरंड शोधत बसले होते.

मालकांची भीती गेली म्हणून मी हवेत तरंगतच मास्तरांकडे गेले आणि तिथेच घोळ घातला. दुकान बंद झाल्यावर त्यांना सगळं सांगितलं. ते चिडले नाहीत. डोळ्यांचं खरं आहे म्हणाले, आणि टिपणं वाचून दाखव म्हणाले. मी वाचू लागले. नखाचं वाक्य त्यांनी दुरुस्त केलं, अंगठा नाही, करंगळीशेजारचं बोट आधी रेघ शोधतं. स्वतःच्या हातांचं वर्णन ऐकून खुशीत होते. मग मी घडीचं वाचलं, रंगाचं वाचलं, टकटक वाचली, मालकांची चिठ्ठी वाचली. त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि विचारलं की हे माझ्यासाठी करतात?

मामी, त्यांना माहीतच नव्हतं गं. दोन वर्षं आपण एकट्यानं सगळ्यांना चकवलं असं त्यांना वाटत होतं. रंग पुकारायची लंबूची खोड समजत होते आणि टकटक ही बाईंची सवय. त्यांनी चाचपून कात्री म्यानात घातली, कोट खांद्यावर टाकला आणि निघून गेले. आज तीन दिवस झाले, कामावर आलेले नाहीत.

दुकानात माझ्याशी कुणी बोलत नाही. चहा येतो, बाई डाव्या कोपऱ्याकडे बघतात आणि कप परत पाठवतात. मी एका माणसाचा शेवटचा अभिमान काढून घेतला, तोही चांगुलपणाच्या आवाजात वाचून. प्रकरण फाडून टाकावंसं वाटतंय.

तुमची करंटी,
ठकी

दि. २६ जून

चि. ठके,
आशीर्वाद.

फाडू नकोस. रडून झालं असेल तर तोंड धू.

वाईट बातमी सांगितल्यावर पेशंट भिंतीकडे तोंड करून झोपतो. हे मी शेकडो वेळा पाहिलंय. त्या वेळी समजूत घालायला जाऊ नये आणि पळूनही जाऊ नये. पलंगाशेजारी खुर्ची घेऊन बसायचं. तू दुकानात जा, तुझ्या स्टुलावर बस, कुणी बोललं नाही तरी बस. चूक तुझी आहेच. अभिमान माणूस स्वतः उतरवतो, दुसऱ्यानं ओढायचा नसतो. पण चूक केलेल्या माणसानं जागा सोडली की ती चूक तिथेच राहते.

तुझ्या मामानं दोन दिवस माशीकडे बघितलेलं नाही, पोस्टमनकडे बघतोय.

मामी

दि. २ जुलै

ती. मामा-मामींस,
सा. न. वि. वि.

मास्तर आले! सत्तावीस तारखेला सकाळी दारात उभे राहिले आणि पहिली दहा मिनिटं त्यांनी सगळ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. लंबूला म्हणाले की तुझ्या आवाजानं दोन वर्षं माझं डोकं उठलं आणि तेही फुकट नव्हे तर माझ्या भल्यासाठी! इस्त्रीवाला घड्या वाकड्या पाडतो म्हणाले. बाई पदरानं डोळे पुसत होत्या आणि हसतही होत्या. मालक जागेवरून हलले नाहीत. झालं असेल तर सोमवारपासून एका कोटाची चिठ्ठी पडून आहे, ऐकायला या, असं तिथूनच ओरडले. मास्तरांनी ती चिठ्ठी तीनदा वाचून घेतली. पहिल्या वेळीच त्यांना पाठ झाली होती हे मी शपथेवर सांगते.

प्रकरण मास्तरांच्या परवानगीनं लिहिलं. मालकांनी अटीप्रमाणे वाचलं आणि एकच दुरुस्ती सुचवली, भिंतीचे पोपडे उडालेत हे काढून टाक. गाईडसरांनी तीस तारखेला ठेवून घेतलं. बारकावे फार आहेत, सिद्धांत कुठे आहे, असं म्हणाले. नोंदणी मात्र वाचली. उतरंड होती ती पानं मी त्यांना दाखवली नाहीत, नाहीतर तीच ठेवून घेतली असती.

आता जे खरं सांगायचं ते सांगते. आल्या दिवसापासून चहानंतर मास्तर मला टेबलाशी बोलावतात आणि टिपणं वाचायला लावतात. त्यांची स्वतःची पानं गाळायची, बाकीच्यांची वाचायची. परवा त्यांनी मध्येच थांबवून विचारलं की हे सगळं करताना यांचे चेहरे कसे होते. माझी कीव करत होते का, तेवढंच सांग, बाकी मला नको.

मामा, मी चारशे बारा पानं चाळली. वेळ आहे, कोपरा आहे, किती वेळा टकटक ते आहे. चेहरा एकाही पानावर नाही. मी खोटं बोलू शकले असते. पण लिहिलेलं नाही म्हणून सांगितलं, आणि उद्या बघून सांगते म्हणाले. त्यांनी मान हलवली.

काल दिवसभर मी वही मिटून ठेवली आणि नुसते चेहरे बघितले. मालक चिठ्ठी वाचत होते तेव्हा अगदी समोर जाऊन उभी राहिले. कपाळावर आठ्या, डोळे घड्याळाकडे, कोट शनिवारी द्यायचा आहे आणि हा माणूस अजून बाहीवरच आहे, असा चेहरा. लंबूचं तोंड वेंगाडलेलं, बाई घाईत. कीव शोधून सापडेना. चहानंतर मी मास्तरांना तसंच सांगितलं, की मालक तुमच्यावर वैतागलेले होते.

त्यांनी मान वळवली आणि कडेनं माझ्याकडे बघत विचारलं, नक्की वैतागलेलेच ना? मी म्हटलं, चांगलेच. मास्तर इतके मोठ्यानं हसले की लंबूची मशीन थांबली.

दोघांच्याही पायांवर डोकं. माझ्यावरचं प्रेम आणि रागावणं, दोन्ही चालू ठेवा.

तुमची,
ठकी