सातवं चर्च

ओर्तीजा, ईस्टरचा सोमवार

प्रिय आगाता,

तुझ्या लेकीने फोनवर मला काय ऐकवलं, ते तुला कळलंय की तुझ्याच संमतीने चाललंय? "मावशी, तू हल्ली रस्ता चुकतेस म्हणे. आता तोरिनोला आमच्याकडेच ये, इथे लिफ्ट आहे." लिफ्ट! मी या बेटावर जन्मले, पोस्टात आयुष्यभर याच गल्ल्यांची पत्रं लावली, आणि ही पोरगी मला लिफ्टचं आमिष दाखवते. मी म्हटलं, "पवित्र गुरुवारी रीतीप्रमाणे सात चर्चं एकटी फिरून दाखवते, मग बोल." तर म्हणाली, "आणि नाही जमलं तर?" मी फोन आपटला.

तेव्हा गुरुवारी तिन्हीसांजेला निघाले. काळा कोट, डोक्यावर आईची जाळीची ओढणी. चौकात चाकांच्या बॅगा खडखडत होत्या. लोक उघड्या मांड्यांनी चर्चच्या पायऱ्यांवर बसून आइस्क्रीम चाटत होते. आपल्या शाळेतल्या मदर इम्माकोलाता असत्या तर एकेकाच्या पोटरीवर पट्टी बसली असती. मासळीवाला तानो दुकान आवरत ओरडला, "काय बाईसाहेब, यंदा एकट्याच? पापं वाटून घ्यायला कुणी मिळालं नाही?" मी म्हटलं, "तुझ्या तराजूची पापं आधी निस्तर, माझी हलकी आहेत."

तुला आठवतं, मदर आपल्याला या फेरीला जोडीजोडीने न्यायच्या? चर्चांची संख्या विषमच हवी. सम आकड्यावर थांबलं तर वर्षभर घराला अवकळा. मदर याला अडाणीपणा म्हणायच्या आणि झग्याच्या बाहीत गुपचूप बोटं मोजायच्या. काळ्या वस्त्रातल्या, छातीत सुरी रुतलेल्या मरियामाउलीच्या मूर्तीपुढे आलो की तू माझ्या कोटात तोंड खुपसायचीस. मी म्हणायची, "डोळे मीट, हात सोडू नकोस." तू डोळे मिटून अख्खं चर्च पार करायचीस.

खलाशांच्या चर्चमध्ये, समुद्राकडच्या दाराने, मी तिसऱ्या क्रमांकाला गेले. वेदीपुढे बायकांनी वाहिलेल्या, अंधारात उगवलेल्या गव्हाच्या फिक्या रोपांच्या थाळ्या होत्या. आपल्या गल्लीतल्या वेनेराच्या थाळीला जांभळी फीत होती. बाई अजून तशीच आहे: भक्ती पसाभर, बडबड पोतंभर. तिथून पुढे चौथं, पाचवं, सहावं. पाय दुखत होते, पण मनात तुझ्या लेकीला उत्तरं जुळवत होते.

सातव्या चर्चमध्ये गुडघे टेकले, क्रुसाची खूण केली, डोळे उघडले. समोर जांभळी फीत. दाराशी वेनेरा हसत होती, "अगं क्रोचेत्ता, मघाशीच तर येऊन गेलीस! एवढं काय कबूल करायचं राहिलंय?" गल्लीकडच्या दाराने मी त्याच चर्चमध्ये शिरले होते, आगाता. ज्या चर्चमध्ये आपला बाप्तिस्मा झाला, तिथे. मी म्हटलं, "देव तुझ्यासारखा नाही, दुसऱ्यांदा आलं म्हणून कंटाळत नाही." बायका हसल्या. मी ताठ मानेने बाहेर पडले.

बाहेरची गल्ली मला ओळखू येईना. भिंती त्याच, वाळत घातलेले कपडे तसेच, आणि मी मध्ये उभी. एका वळणावर गेले, परत आले. कुणाला विचारू? मला सगळे ओळखतात, तीच तर पंचाईत. शेवटी मला सापडली एक पिकल्या केसांची जर्मन बाई, चाकांची बॅग ओढणारी. तिला घराचा पत्ता सांगितला. पत्ता तोंडपाठ होता, वाट नव्हती. तिने फोनवरचा नकाशा बघत मला माझ्या दारापर्यंत आणून सोडलं. चूक दोन वळणांचीच होती. बाई जाताना विचारते, "तुम्हीही इथे नवीनच का?" मी हो म्हटलं.

हे कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या लेकीला मी 'सात झाली' असं ठणकावलंय. पण झाली सहाच, आगाता. सम. पाद्री म्हणतो, गुरुवार उलटला की मग फिरण्याला अर्थ नाही. त्याला काय कळतंय, तो बाहेरचा, कातानियाचा. तू ये. एकटी ये. सातवं चर्च कुठलं ते मी ठरवीन, तू नुसती माझ्या मागून चाल, काही सुचवू नकोस, मी कुठे वळते ते बघ. आणि नीट बघून तुला वाटलंच, तर माझा हात धर आणि 'ताई, चल' म्हण. मी लिफ्टच्या घरी येईन, वाद घालणार नाही. पण ते पोरीकडून नाही, तुझ्या तोंडून ऐकायचंय. तेव्हा डोळे मी मिटीन.

तुझीच, अजून तरी या बेटावरची,
क्रोचेत्ता