बेंबी जागेवर न्हाई

बुधवार, ८ जानेवारी ७५. न्हावरे.
कुसुम, तू विसरणार. लहानपणी विहिरीवर घागर घेऊन जायचीस आन् दोर घरीच. आता चार लेकरांची आई, तरी दौंडहून निघताना स्वतःच्या गोळ्या विसरून आलीस. म्हणून तुझं दुखणं रोज थोडं लिहून ठेवायचं ठरवलं. मला अक्षर येत न्हाई. शेजारची शकिला, तांबोळ्यांची सून, ती लिहिती.
जावईबापू यष्टीतून उतरले न्हाईत. खिडकीतूनच, "मामी, पिशवीचं ऑपरेशन झालंय पुण्याला. जड उचलू देऊ नका." गोळ्या पाठवतो म्हणाले.
लिही गं शकिला : पिशवी काढली. लिहिलं तिनं.

शनिवार ११.
दवाखान्याचा रबरी पट्टा मला ढिला वाटला. वरून जुन्या लुगड्याचं पटकूर आवळून बांधलं, बाळंतिणीचं बांधतात तसं. निखाऱ्यावर कापड तापवून, पट्टी न उघडता, पोट शेकलं. "भाजतंय का गं?" तर "न्हाई आई, काहीच लागत न्हाई. कर तू." म्हटलं, लेक भलतीच धीराची झाली.
डिंकाचे लाडू केले. अर्धा खाल्ला.
पट्टी बदलायला शकिला पाहिजे, दार लावून. आईची लाज आन् शेजारणीची न्हाई! असू दे.
गोळ्या आल्या न्हाईत.

मंगळवार १४. संक्रांत.
उन्हात बसून कुडकुडती. मी म्हटलं पौषाची थंडी, साहेब नवऱ्याच्या घरात राहून नाजूक झालीस. गोधडी घातली तरी दात वाजतात. कपाळ तव्यासारखं. उठली की वाकूनच चालती. तिळाची वडी हातात तशीच.
अंगाला कसलासा वास. शकिला म्हणती औषधाचा. औषधाचा वास असा नसतो, मेल्या उंदरासारखा.

गुरुवार १६.
आज दाराला कडी घातली आन् पटकूर मीच सोडलं. कुसुम हात धरती, "आई नको, आई नको." धरू दिलं न्हाई.
पट्टी पिवळी हिरवी, चिकटलेली. पाणी लावून लावून काढली. खाली चीर, या कमरेपासून त्या कमरेपर्यंत. उजव्या अंगाला टाके उसवून पू येतोय. भोवती लाल, चकचकीत, आन् ती लाली वर चढलेली. हात लावायच्या आधीच धग लागती. जिथं मी शेकलं तिथं कातडी काळपट.
मग बेंबी दिसली.
हिची नाळ माझ्या हातात पडली. ती बेंबी खोल, डावीकडं जरा वाकडी. ही भलतीच. गोल टाके घालून बसवलेली, शर्टाला बटण लावावं तशी.
"पिशवी काढायला बेंबी कशाला हलवायची गं?"
रडत, पोट कमी करून घेतलं म्हणाली. लोंबणारी कातडी कापून काढली. क्लबात साहेबांच्या बायका विचारतात, आता कितवा महिना? नवऱ्यानं बरोबर न्यायचं बंद केलं. डॉक्टर त्यानंच शोधला.
"मला का न्हाई सांगितलं?"
"तू हसली असतीस."
हसले असते. व्हय. चार दिवस हसले असते, पण निखारा लावला नसता.

शुक्रवार १७.
कुसुमला पाटलांच्या जीपमधून शिरूरच्या दवाखान्यात नेलं. सदा, माझा लेक, बरोबर. डॉक्टर तरणा, पण रागीट. "लाली पसरली, घाण पाणी आलं, हुडहुडी भरून ताप आला, यातलं एक दिसलं की त्याच दिवशी यायचं. शेकलं कुणी? ही कातडी बधिर असते, भाजलेलं तिला कळत नाही."
मी म्हटलं, "मी शेकलं. मला पिशवी सांगितली होती."
त्यानं टाके काढून जखम उघडीच ठेवली. आत पू साठलेला. वाचंल का, विचारलं. इतक्यात सांगता येत नाही म्हणाला. तिला ठेवून घेतलं; सदा तिच्यापाशी थांबला, मी जीपमधून परत आले.

शनिवार १८.
शकिलाला सगळं पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आज बोलली, "आजी, तिनं माझ्या लेकराची शपथ घातली होती."
मग आठ तारखेला पिशवी लिहिताना हात अडला न्हाई तुझा? लिही, हे पण लिही. अक्षर नको बिघडवू. डोळे नंतर पूस.
दुसरं कोण लिहिणार मला? तीच लबाड, तिच्याचकडून लिहून घ्यायचं.

रविवार १९.
सदा शिरूरहून आला सकाळच्या यष्टीनं. ताप उतरला, परत चढला. कुसुम विचारती, आई कवा येणार. जावयाचा निरोप, रजा मिळत न्हाई. गोळ्यांचं नाव न्हाई.
सदा म्हणतो चल. मी न्हाई म्हटलं. अजून न्हाई. समोर बसले की ती पदर पोटावर ओढून घेईल, माझ्यापुढं, मला बघवायचं न्हाई ते.
शकिला, वही ठेव आन् डबा भर. दुपारच्या यष्टीच्या कंडक्टरकडं दे. ज्वारीची भाकर, पातळ, ती मी थापते. मुगाचं वरण, मीठ बेतानं. दोन अंडी उकडून. डॉक्टर म्हणाला जखम भरायला अंडी द्या. लाडू घालू नको. ते बाळंतिणीचं खाणं.