खंडेनवमीचा कॉम्प्युटर

२० सप्टेंबर, शनिवार

या घरातल्या पोळपाटाचं अपहरण होऊन आज चौथा दिवस. सविस्तर नोंद करून ठेवते, पुढेमागे चौकशी बसली तर उपयोगी पडेल.

सईचा लॅपटॉप तापतो. तापला की बंद पडतो. खालून वारा खेळायला हवा, हे श्रीं.चं निदान (श्री. म्हणजे नवरा, या वहीत त्यांना एवढीच पदवी). तीस वर्षं कारखान्यात मोठाली यंत्रं तपासणाऱ्या माणसाला घरात तीन पायांची, सपाट, खालून मोकळी अशी एकच वस्तू सापडली. तेव्हापासून मी उलट्या ताटावर पोळ्या लाटते. ताट मावसबहिणीनं लग्नात दिलेलं, पाठीवर तिचं नाव कोरलेलं. आज श्रीं.च्या पोळीवर 'कुसुम' उमटलं होतं, उलट्या अक्षरांत. त्यांनी ते भाजीला लावून खाल्लं.

संध्याकाळी सईला पुण्याहून मेल. कार्टूनफिल्मा करणारी कंपनी. तीन आठवडे काम देऊन बघणार, काम घरी बसून, सुरुवात सोमवार सहा ऑक्टोबर. अट एकच, कॉम्प्युटर दमदार हवा. आमचा लॅपटॉप एक चित्र हलवायला घेतो तेवढ्यात माझा चहा करून, पिऊन, कप विसळून होतो. सई म्हणाली, "नाही म्हणून कळवून टाकते." चेहरा असा की मीच म्हटलं, कळवू नकोस. दोन वर्षं या मुलीनं आख्ख्या झाशीच्या लग्नपत्रिकांवर मोर काढलेत. पुरे झाले मोर.

२२ सप्टें., सोम. घट बसले.

सदर बाजारात साहूजींच्या कॉम्प्युटरच्या दुकानी तिघं गेलो. दुकान एवढंसं, पण चपला बाहेर. धूळ त्यांना खपत नाही. माणूस शांत, जे बोलायचं ते श्रीं.शी. प्रश्न मी विचारायचा, उत्तर श्रीं.ना. असं चार वेळा. पाचव्यांदा विचारलं, हे सगळं जोडून कोण देणार? साहूजी श्रीं.ना बुंदेलीत म्हणाले, "अपन जोड देहैं, सर. मैडम खों तो बस चलाउनें है."

"हम खुद जोडेंगे," असं कोणीतरी म्हणालं. आवाज माझा होता.

परतताना ऑटोत श्री. बाहेर बघत होते, म्हणजे हसत होते. सई: "आई, तू सीरियसली बोललीस? मतलब, स्वतः?" मी आठवी ते दहावीच्या मुलींना हिंदी शिकवते आणि पंधरवड्यातून एकदा वर्तमानपत्रात लेख लिहून लोकांची फजिती करते. एवढ्या पात्रतेवर म्हटलं, हो.

२५ सप्टें., गुरु.

शाळेतून आले की दोन तास व्हिडिओ. कळलं ते असं. मदरबोर्ड म्हणजे चौक, सगळे रस्ते तिथे येऊन मिळतात. प्रोसेसर म्हणजे घरातली बाई. मेमरी म्हणजे ओटा, जितका मोठा तितका पसारा एका वेळी मांडता येतो. ग्राफिक्स कार्ड म्हणजे जावई: जागा त्याला सगळ्यात जास्त, वीज सगळ्यात जास्त, आणि तो आल्याशिवाय कार्य नाही. सईला वाचून दाखवलं. म्हणाली, "चूक काही नाही आहे. पण एग्जाममध्ये नको लिहू."

आतल्या वस्तूंना हात लावायचा तर सिंथेटिक साडी नको. अंगातली वीज त्यांच्यात उतरते म्हणे. माझ्या अंगातल्या विजेची दखल घेणारा हा पहिलाच शास्त्रज्ञ.

२८ सप्टें., रवि.

यादी पक्की. तीन भांडणं झाली, पैकी दोन पेटीवरून. सईला एका बाजूला काच हवी. श्री. म्हणतात पत्रा बरा, काच फुटते. मी सईच्या बाजूनं. एवढी मेहनत करायची आणि आतलं कोणाला दिसायचं नाही, मग उपयोग काय?

तिसरं भांडण या वहीवरून. श्री. म्हणाले, "माझ्याबद्दल काय लिहितेस ते कळू दे कधी." म्हटलं, वही उघडीच असते, वाचा. म्हणून तर ती मराठीत. शेजाऱ्यापाजाऱ्यांना अक्षरं लागतील, पण टोमणे लागायचे नाहीत. सईला लागतील, पण तिला कंटाळा. उरले श्री., आणि श्रीं.चा चष्मा कधीच जागेवर नसतो.

३० सप्टें., मंगळ. अष्टमी.

माल आला. ऑटोत पेटी माझ्या मांडीवर, बाकीचं सईच्या, आणि आमच्या दोघींत एक अनोळखी बाई भोपळा घेऊन. दतिया गेटपर्यंत भोपळ्याला आणि ग्राफिक्स कार्डाला सारखेच धक्के बसले.

आजच बसणार होते. बाह्या सरसावल्या, सुती साडी नेसले. श्रीं.नी हात आडवा केला. उद्या खंडेनवमी. घरात हत्यार आलं आहे, त्याची आधी पूजा. आणि पूजेला मांडलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. श्रीं.चे पूर्वज इथे आले तेव्हापासूनचा नेम. तेव्हा तलवार आणि कलमदान मांडत, आता श्रीं.चे मोजमापाचे डबे, माझं लाल पेन, स्कूटरची किल्ली. मी हिशेब केला. गुरुवारी दुपारी जोडायचं, सोमवारी सईचं काम. पुरतं. उगाच कशाला वाद.

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी.

मी म्हणत होते खोक्यांचीच पूजा करा. श्री.: "देवासमोर पुठ्ठा मांडायचा?" मग सगळं खोक्यांतून बाहेर. चौरंगावर मदरबोर्ड, त्याच्याच चंदेरी पिशवीवर निजवलेला. उजवीकडे जावई. मागे काचेची पेटी, तिच्यात समईचं प्रतिबिंब. खरं सांगायचं तर दिसत छान होतं.

हळदकुंकू बोर्डाला लावू देणार नाही म्हटलं. पाणी नाही, गंध नाही, उदबत्ती चार हात लांब. श्रीं.नी तीस वर्षांत इतक्या अटी ऐकल्या नसतील. शेवटी तडजोड: फूल शेजारी, आणि अक्षता लांबून. त्यांनी लांबून टाकल्या. सईनं व्हिडिओ काढला, पुण्याच्या मैत्रिणीला पाठवला. तिचं उत्तर, "तुम्ही लोक अजून हे करता?" सईनं लिहिलं, "हम लोग तो करते हैं."

२ ऑक्टो., गुरु. दसरा.

आपट्याची पानं इथे कुठली, कचनारची वाटली. सोनं ते सोनं. जेवणं आटोपून दुपारी एकला जोडायला बसले.

प्रोसेसर. दाबायचा नाही, नुसता ठेवायचा. तो आपल्याच वजनानं खाली बसतो. बसला. वरचा खटका लावताना मात्र असा आवाज येतो की काहीतरी मोडलंच. श्री. दाराशी उभे होते, मागे सरकले. मी नाही सरकले. मेमरीची पट्टी. तिच्या खाचेला एकाच टोकाला खिट्टी असते, 'कट्ट' झालं. पंखा. मग वायरी, दीड तास. बारीकशा टोकांवर बारीकशी अक्षरं, शेवटी श्रीं.चा चष्मा मागितला. तो सापडेपर्यंत अर्धा तास.

पाच वाजता, शेजारपाजारचे इथल्या रीतीप्रमाणे दसऱ्याचं विड्याचं पान खायला आलेले असताना, बटण दाबलं.

पंखे फिरले. आत निळा उजेड पसरला. चारपाच जणांनी "अरे वाह" म्हटलं.

पडदा काळा. सिग्नल नाही.

बोर्डाच्या कडेला मेमरीपाशी एक पिवळा दिवा, ढिम्म. बंद केलं, चालू केलं. नऊ वेळा. पाहुणे पान चघळत सल्ले देत होते. सई त्यांना पानं देत राहिली. तेच लागलं.

३ ऑक्टो., शुक्र.

शाळा सुटल्यावर थेट साहूजी. दुकानात तीन गिऱ्हाइकं. म्हटलं, बोर्ड खराब आहे, पिवळा दिवा लागतो.

"काए बैनजी, मेमरी निकार कें देखी?"

"सब देख लिया," म्हटलं. काढून पाहिली नव्हती. 'कट्ट' झालं होतं ना.

"ले आओ, अपन देख लेहैं. खराब हुइए तो बदल देहैं."

इथे थांबायला हवं होतं. पण सोमवार डोक्यात, रात्रभर सईचं कूस बदलणं कानात. आणि हाताशी जीभ नावाचं हत्यार, त्याची खंडेनवमीला पूजा करायची राहिली होती बहुतेक. म्हटलं, "नया तो आपके यहाँ बस बिल होता है, साहूजी."

एक जण हसला. दुसरा, चौकड्याच्या शर्टातला, कीबोर्ड घेत होता. त्यानं तो हळूच काउंटरवर परत ठेवला आणि चपला घालून निघून गेला. साहूजींनी कीबोर्ड पुसून कपाटात ठेवला.

ऑटोत बसल्यावर वाक्य पुन्हा मनात म्हणून पाहिलं. झकास होतं. पुढच्या लेखात घालायचं ठरवलं.

बोर्ड उद्या काढून नेणार. सईनं पुण्याला कळवायची मेल लिहून ठेवली आहे, धाडलेली नाही. मी पाहिली. "क्षमस्व" शब्द तीनदा. मराठी तिनं कुठून काढली कोण जाणे, माझ्याशी तर कधी बोलत नाही असं.

४ ऑक्टो., शनि.

सकाळी खिडकीत उन्हाला पेटी आडवी घातली, बोर्ड काढायला. आधी मेमरीची पट्टी उपसली. खाचेच्या दुसऱ्या टोकाला, जिकडे खिट्टी नसते तिकडे, काहीतरी लाल.

तांदूळ. कुंकवातला. अख्खा, न मोडलेला, उत्तम प्रतीचा.

पाच मिनिटं नुसती बघत बसले. मग भुवयांच्या चिमट्यानं अलगद उचलला. पट्टी परत बसवली. आवाज वेगळाच आला, भरीव. आता कळलं 'कट्ट' कशाला म्हणतात.

बटण. पंखे. पिवळा दिवा लागला, विझला.

पडद्यावर पांढरी अक्षरं.

हाक मारण्याऐवजी थाळीवर चमचा वाजवला. सई ब्रश तोंडात घेऊन धावत आली. पडदा पाहिला. फेसासकट माझ्या गळ्यात पडली, पदराला अजून पुदिन्याचा वास आहे. श्री. आले. तांदूळ तळहातावर ठेवून दाखवला.

"मी लांबूनच टाकल्या होत्या," ते म्हणाले.

"म्हणून तर," म्हटलं. "जवळून टाकल्या असत्या तर नेम चुकला असता."

मग तिघं हसत सुटलो. श्रीं.ना ठसका लागला. देवानं प्रसाद थेट मशीनलाच भरवला, हा त्यांचा बचाव, आणि आज तो मान्य. तांदूळ त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवला. कारखान्यात दाखवणार आहेत, दोष सापडला म्हणून. कोणाचा दोष ते सांगतील का, विचारलं. "रिपोर्टमध्ये नाव लिहायची पद्धत नाही."

दुपारपर्यंत सगळी सॉफ्टवेअरं चढवून झाली. सईनं जुनं एक चित्र लावलं, धावणारी म्हैस. लॅपटॉपवर ती तीन पावलं टाकून थिजायची. आज धावली. थांबेचना. श्री. खुर्ची ओढून काचेसमोर बसले. पडद्यासमोर नाही, काचेसमोर. तीस वर्षांत त्यांनी माझ्या कुठल्या कामाकडे इतका वेळ पाहिलेलं नाही. बघू दिलं.

न धाडलेली मेल सईनं पुसून टाकली.

५ ऑक्टो., रवि.

लेख द्यायचा दिवस. विषय तयार, वाक्य तयार. बसले. 'नया तो आपके यहाँ बस बिल होता है.' लिहिलं. खोडलं. परत लिहिलं. वाक्य अजूनही झकास आहे, तीच तर अडचण. खोटी वाक्यं निदान वाकडी तरी असावीत.

शेवटी भोपळ्यावर लेख दिला.

सई जेवताना: "आई, साहूजींना सांगितलंस? चावलचं?"

सांगते, म्हटलं.

"फोनवर?"

पोळी वाढली तिला.

६ ऑक्टो., सोम. कोजागिरी.

सई नऊच्या ठोक्याला बसली. दार लावून. मी शाळेत, शरीरानं.

दुपारी सदर बाजार. साहूजी एकटेच होते. पटकन सांगून मोकळं होता आलं असतं. पण शुक्रवारी बोलले ते गिऱ्हाइकांदेखत, मग आज एकांतात कसं चालेल? "बैठो बैनजी." बसले स्टुलावर. वीस मिनिटं कोणी फिरकेना. वर पंखा, खाली आम्ही दोघं. का आलात, असं त्यांनी विचारलं नाही. शेवटी दोन वकील आले, प्रिंटरच्या शाईला.

उठून उभी राहिले. "साहूजी, आपका बोर्ड नया था. हमारी ही पूजा का चावल उसमें घुस गया था. उस दिन हमने गलत कहा."

वकील माझ्याकडे बघत राहिले. इतक्या सरळ कबुलीची त्यांना सवय नसावी.

साहूजी शाईचं खोकं पुसत होते. "हओ," म्हणाले. मग, "चल गई?"

"चल गई."

"बिटिया को काम सुरू हो गओ?"

"आज ही."

"बस, भौत है."

वकील गेल्यावर विचारलं, तो चौकड्याच्या शर्टवाला परत आला का. "नईं आओ." मग, "आ जैहै कभऊँ." आला नाही, पण येईल म्हणे कधीतरी. आवाजात खात्री नव्हती. कीबोर्ड कपाटात तसाच, खोक्याचं एक तोंड उघडं. म्हटलं, हा द्या.

"काए, घर में तो है. अपन नें ई दओ तो."

"है," म्हटलं. पहिला त्यांनीच दिलेला.

त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. पहिल्या दिवशी बघत होते ते श्रीं.कडेच. मग फडकं घेऊन खोकं पुसलं, चारी बाजू, आणि दोरीनं बांधून दिलं.

घरी आले तो सईचं दार उघडं. पहिलं काम पाठवून झालंय. पुण्याहून उत्तर: "ठीक. पुढचं पाठवा." ठीक म्हणजे चांगलं की नुसतंच ठीक, यावर घरात तीन माणसांत चार मतं. तीन आठवडे आहेत अजून. दूध आटत ठेवलंय, केशर सईनं जास्त टाकलं.

श्रीं.नी विचारलं, "दुसरा कीबोर्ड कशाला आणलास?"

असू दे, म्हटलं, आणि फडताळात ठेवला.